खुर्चीकडची फांदी

१

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पदरात घ्या. सुरतेतल्या लिंबायतच्या मराठी शाळेत मी नववीपर्यंत गेलो. त्यानंतर लिहिण्याचा संबंध आला तो टाक्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांपुरता: ‘खाणं घालू नये’, ‘हात बुडवू नये’. म्हणून शब्द साधेच येतील. तोंडाने सांगायला मला जमत नाही, चार माणसांत माझा आवाज बसतो. घरी आम्ही अहिराणी बोलतो. सगळ्यांना कळावं म्हणून ती बऱ्याच ठिकाणी साधी करून लिहिली आहे.

माझं नाव भूपेंद्र. मी लोकांच्या घरी जाऊन माशांच्या टाक्या साफ करतो. आधी पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या डाईंगमध्ये होतो. तिथल्या वाफेने अंगावर चट्टे उठायला लागले तेव्हा गजेंद्रभाईंच्या दुकानात लागलो. गोड्या पाण्याच्या टाक्या सुरतेत पुष्कळ. खाऱ्या पाण्याच्या, कोरलवाल्या, थोड्या. त्यातली एक अडाजणला अरविंद काकांकडे. दर शनिवारी दुपारी माझी तिथे फेरी असते.

कोरल म्हणजे पोवळं. दिसायला दगड, पण जिवंत. पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, ओढून घेतं आणि त्याचंच स्वतःभोवती घर बांधतं. काम फार सावकाश चालतं. फांद्यांचं कोरल खुशीत असलं तर वर्षभरात बोटाएवढं वाढतं, काही जाती नखाएवढ्याही नाहीत. वाढत असलं की फांद्यांची टोकं पांढरी दिसतात. गिऱ्हाइकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो, नाहीतर वाढत का नाही म्हणून सारखे फोन येतात.

काकांचा फोन आला तो उलटा. ‘भूपेंद्र, हे जरा जास्तच वाढतंय का रे?’

त्याच सुमारास माझी बहीण सुषमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं म्हणायचं, कारण त्याआधीचं एक पोटातच गेलं होतं. या वेळी डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. घरात सगळ्यांच्या मनात एकच होतं, हे बाळ नीट हातात यावं. मी जे लिहितो आहे ते त्या बाळासाठीच.

२

काकांची टाकी हॉलमध्ये आहे, भिंतीच्या निम्म्या लांबीची. उन्हाने शेवाळ धरतं म्हणून पडदे कायम ओढलेले. भर दुपारीही त्या खोलीत निळसर संध्याकाळ असते. टाकीखालच्या कपाटातल्या फिल्टरमध्ये पाणी पडत राहतं, पाणी गार ठेवणारा चिलर घरघरतो. बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजतात, पण ते दुसऱ्या गावातले वाटतात.

काका बँकेतून निवृत्त झालेले. ‘डॉक्टर म्हणाले, मासे बघत बसा, बीपी उतरेल,’ असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. ‘आता माझा बीपी माशांच्या हातात आहे.’

‘मासे चार आणि दगडच फार,’ विजया काकू म्हणत. ‘सत्यनारायणाला आलेल्या बायका विचारतात, यातलं जिवंत कोणतं? मी सांगते, टाकीसमोर बसलेलं.’

टाकीच्या डाव्या बाजूला, काचेला लागूनच, काकूंची वेताची खुर्ची होती. तिथे बसून त्या सुरती पापडी सोलत, मालिका बघत, डुलक्या घेत. डावा हात काचेच्या बाजूला असायचा.

लहान मुलांची उंची दाराच्या चौकटीवर मांडतात, तशा काकांनी दर महिन्याला काचेवर मार्करने रेघा मारल्या होत्या. सुरुवातीच्या रेघा एकमेकींना चिकटून होत्या, जशा असायला हव्यात. नंतरच्या दोन रेघांमध्ये माझं बोट मावलं. शेवटच्या दोघींमध्ये दोन बोटं.

‘काका, रेघ बरोबर टोकावरच मारता ना?’

‘सगळी नोकरी रेघोट्या ओढण्यात गेली माझी. आता चुकेन होय?’

आणखी एक गोष्ट होती. कोरल दिव्याकडे जातं, म्हणजे वर. हे आडवं आलं होतं. मधल्या दगडावरून निघून डावीकडे, काकूंच्या खुर्चीच्या बाजूच्या काचेपर्यंत. पाण्याचा झोत तिकडे असेल, असं मी मनात म्हटलं आणि पंपाचं तोंड फिरवून ठेवलं.

निघताना मी काकूंना सुषमाचं सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा वाजली. ‘तिला सांग, काकूंनी दृष्ट काढलीय म्हणून.’

टाकीतून ‘टक’ असा आवाज आला.

‘तुझी ती पिस्तूल कोळंबी,’ काका म्हणाले. दगडांबरोबर एक बारीक कोळंबी येते, ती नांगी आपटून असा आवाज करते. हे त्यांना मीच शिकवलं होतं. त्या टाकीत ती कोळंबी मी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

३

कोरल वाढलं की पाण्यातला चुना कमी होतो. हे सरळ आहे. एका बाजूला भिंत चढते, दुसऱ्या बाजूला ढीग उतरतो. म्हणून आम्ही दर फेरीला पाणी तपासतो. नळीत थोडं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकत जायचं, गुलाबीचं निळं झालं की थांबायचं.

काकांच्या टाकीतला चुना कमी झालाच नव्हता. जेवढा मागच्या वेळी, तेवढाच या वेळी.

किट जुना असेल म्हणून पुढच्या शनिवारी नवा घेऊन गेलो. रंग त्याच थेंबाला बदलला. मग मी काकांना चुन्याचं औषध आठवडाभर बंद ठेवायला सांगितलं. आठवड्याने पाहिलं तर पाणी तसंच होतं आणि फांदी काचेला टेकली होती. टेकली तिथे टोक चपटं होऊन पसरत होतं. टोक खडूसारखं पांढरं.

गजेंद्रभाईंना फोन केला. ते म्हणाले, ‘वधे छे ने? तो सारुं. मरी जाय त्यारे फोन करजे.’ वाढतंय ना, मग चांगलंच, मेलं की फोन कर.

‘मग हे बांधतंय कशातून?’ मी काकांना विचारलं.

काका पाण्याच्या नळीकडे बघत राहिले. ‘तू किट बदललास, मी औषध बंद केलं. आता राहिलं काय? दगडातून घेत असेल.’

ते मला पटलं. पटवून घेतलं.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पापडीचं ताट होतं आणि तोंडात काहीतरी होतं. मला वाटलं बडीशेप. निघताना त्यांनी हसत मूठ उघडून दाखवली. पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे होते. ‘कुणाला सांगू नकोस हं. या वयात डोहाळे लागलेत मला.’

४

फांदी काचेला टेकली की कापावी लागते, नाहीतर काचेवर चढत जाते. कापायला जी कात्री वापरतो ती मुळात हाडांच्या डॉक्टरांची. दुकानात मिळतेही त्याच नावाने, बोन कटर. आणि आमच्या धंद्यात एक रीत आहे. जिवंत तुकडा टाकायचा नाही. सिरॅमिकच्या चकतीवर फेविक्विकने चिकटवायचा आणि कुठल्यातरी पाण्यात जगवायचा. बहुतेकदा तो कापणाऱ्याला मिळतो.

‘तुझ्या बहिणीला दे,’ काकू म्हणाल्या. ‘दिवसभर छताकडे बघून कंटाळली असेल पोर. माझ्याकडून म्हणून सांग.’ आणि पोळ्या करायला आत गेल्या.

मी हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. फांदी माझ्या अंगठ्याएवढी जाड झाली होती. कात्री लावून दाबली. पाण्यात असा आवाज नेहमी दबून येतो. या वेळी तो दबून आला नाही. तो स्वयंपाकघरातून आला.

मग लाटणं पडल्याचा आवाज, मग काकूंचा.

आम्ही धावलो. काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. डावा हात मनगटापासून वेगळ्याच बाजूला लोंबत होता. चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा नवलच जास्त होतं. ‘पडले नाही रे मी. लाटत होते नुसती.’

शेजारच्यांच्या गाडीतून काका त्यांना घेऊन गेले. फ्लॅटमध्ये मी एकटा राहिलो. तवा गॅसवरून उतरवला. हॉलमध्ये तुकडा तळाच्या वाळूवर पडला होता. कोरलचा काप पांढरा असतो, खडूसारखा, चांदण्यांच्या आकाराची बारीक भोकं असलेला. हा पिवळट होता आणि मध्ये मऊ जाळी. तसलं मी पाहिलं होतं, पण खाटकाकडे, टाकीत नाही.

घरी जाताना मी स्वतःला समजावलं. या वयात बायकांची हाडं ठिसूळ होतात. दोन आवाज एका वेळी झाले, इतकंच. एका दुपारी सुरतेत एकाच क्षणाला किती आवाज होत असतील.

तुकडा माझ्या पिशवीत होता. रीत म्हणून घेतला, आणि काकूंनी दिला होता म्हणून.

५

गजेंद्रभाईंचं सुरतेबाहेर कामरेजला गोडाऊन आहे. मिठाच्या गोण्या, फुटक्या टाक्या, जुने पंप. तिथे कुणी राहत नाही, चावी माझ्याकडे असते. तिथून एक लहान टाकी आणली. काकांकडचं बदललेलं खारं पाणी कॅनमध्ये होतंच. एक दिवा, एक पंप. सुषमाच्या खाटेशेजारी, शिलाई मशीनवर टाकी मांडली.

आमचं घर म्हणजे एकामागे एक दोन खोल्या. पलीकडच्या भिंतीला लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. लूम चालू असले की फळीवरची भांडी हलतात. सुषमा त्या आवाजात दिवसभर पडून असायची. टाकीचा दिवा लावला तेव्हा ती उशीवरून उठून बसली आणि आईने तिला पुन्हा झोपवलं.

‘दगडले काय दखस?’ आई म्हणाली. दगडाकडे काय बघतेस, असं.

‘दगड नई शे आई, जित्तं शे ते,’ मी म्हटलं.

‘जित्तं शे तर काही बोलस का?’

‘भूप्यासारखं शे,’ सुषमा म्हणाली. ‘जित्तं शे, बोलस नई.’

किती दिवसांनी ती हसली होती. त्या हसण्यावर मी फार खूश होतो, हे लिहायलाच हवं.

नव्या टाकीत तुकडा पहिले काही आठवडे वाढतच नाही. जगला तरी पुष्कळ. पुढच्या शनिवारी कामावर जाण्याआधी मी पाहिलं, तर तुकड्याला दोन पांढरी टोकं फुटली होती. दिवा वर होता. टोकं खाटेकडे होती.

मी चकती फिरवून त्यांची तोंडं भिंतीकडे केली. काही दिवसांत ती वाकून पुन्हा खाटेकडे आली.

लूम बंद असताना टाकीतून आवाज यायचा. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. त्या टाकीत कोळंबी नव्हती. काहीच नव्हतं, पाणी आणि ते. पप्पांना विचारलं, तुम्हाला ऐकू येतं का. पप्पांनी, म्हणजे बन्सीलाल यांनी, सगळं आयुष्य लूमवर काढलं आहे. ते म्हणाले, मला तर लूम बंद असले तरी लूमच ऐकू येतात.

आणि सुषमा पाटीवरच्या पेन्सिली खायला लागली होती.

‘डोहाये शेत,’ आई म्हणाली. ‘तू पोटमा व्हता तवय मी भिंत चाटू. म्हनीसनच तू भिंतसारखा व्हयना.’

आई हसली, सुषमा हसली. मी पण हसलो. डोहाळे कुणालाही लागतात. चुन्याचे, मातीचे, खडूचे. नवीन काही नाही त्यात.

६

काकांकडे गेलो तेव्हा काकू खुर्चीत होत्या. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. एवढ्या दिवसांत त्या लहान झाल्यासारख्या वाटल्या. खुर्चीच्या पाठीला त्यांचं डोकं पूर्वी जिथे टेकायचं, त्याच्या बरंच खाली टेकत होतं.

‘हाड धरत नाहीये म्हणाले,’ काका म्हणाले. ‘नवा एक्सरे काढला. थांब, दाखवतो.’

पडदे ओढलेले, ट्यूबलाईट बंद. त्या खोलीत उजेड एकच होता. काकांनी पाकिटातून फिल्म काढली आणि टाकीच्या डाव्या काचेवर धरली. कुणीही धरली असती. मी जवळ जाऊन पाहिलं.

काकूंचा हात दिसला. पण अगदी फिका. धुरात हात धरल्यासारखा. हाडांच्या कडा होत्या, आत काही नव्हतं. मनगटाशी मोडलेली रेघ.

‘बघ ना, किती विरळ आलंय,’ काका म्हणाले. ‘मशीन खराब असेल.’ आणि नीट दिसावं म्हणून त्यांनी फिल्म थोडी वर सरकवली.

तेव्हा मागची फांदी फिल्मच्या मागे आली. मी कापली होती तिथून ती पुन्हा फुटली होती, पाच बारीक फांट्यांत. फिल्ममध्ये जिथे जिथे हाड पुसट होतं तिथे मागून पांढरं भरलं. एकेक बोट भरत गेलं. पेरं दिसली. मी कात्री लावली होती ती खाच, आणि मनगटाची ती रेघ, एकावर एक बसली.

असं किती वेळ दिसलं सांगता येत नाही. काकांनी हात खाली घेतला आणि फिल्म हलली. मग नुसती फिल्म होती आणि नुसतं कोरल.

काकांनी फिल्म पाकिटात घालायला घेतली. ती सरळ जाईना. दोन-तीनदा प्रयत्न केला त्यांनी.

‘काय दिसलं रे?’ खुर्चीतून काकूंनी विचारलं.

‘काही नाही,’ काका म्हणाले. ‘भूपेंद्र, पाणी नंतर बदल. आधी जरा खुर्ची धर.’

आम्ही काकूंना खुर्चीसकट आतल्या खोलीत नेलं. त्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारख्या हलक्या लागल्या.

७

सुषमाच्या सोनोग्राफीला आई बरोबर गेली. परत आल्या तेव्हा आईने चपला न काढताच पाणी मागितलं.

‘बाळाची वाढ मागे आहे म्हणतात,’ सुषमा खाटेवर बसत म्हणाली. ‘मांडीचं हाड मोजतात ना, ते लहान भरलं. परत बोलावलंय. तोवर दूध पी म्हणाली डॉक्टरीण.’ मग तिने टाकीकडे पाहिलं. ‘हे मात्र बघ. याला कोण दूध पाजतं?’

ती थट्टेनेच म्हणाली. कोरल तोवर टाकीच्या निम्म्या उंचीचं झालं होतं. मी पाणी तपासलं. चुना होता तेवढाच होता.

मी टाकी उचलून पुढच्या खोलीत, मोरीच्या बाजूला नेऊन ठेवली. सुषमा रुसली. ‘माझं आहे ते. काकूंनी मला दिलंय.’ मी म्हटलं, पंप गरम होतो आहे. खोटं बोललो. दोन खोल्यांच्या मध्ये आमच्याकडे दार नाही, पडदा आहे. काही दिवसांत टोकं त्या पडद्याकडे वळली.

त्या आठवड्यात कात्री घेऊन मी टाकीसमोर बऱ्याचदा बसलो. कापून टाकावं, गोड्या पाण्यात बुडवावं, संपवावं. पण स्वयंपाकघरातून आलेला तो आवाज मी विसरलो नव्हतो. तो तुकडा काकूंच्या हाताचा होता का? आणि इथे आल्यावर त्याच्यावर जे चढलं ते कुणाचं? ते मारलं तर काय मरेल, हे मला माहीत नव्हतं. विचारायला कुणी नव्हतं. हे असं मोठ्याने विचारायचं तरी कसं?

८

पुढच्या शनिवारी काकांकडे गेलो. वेताची खुर्ची परत हॉलमध्ये होती. टाकीच्या डाव्या बाजूला, पण काचेला लागून नाही. काच आणि आतल्या खोलीचं दार, यांच्या बरोबर मध्ये. खुर्चीत काका बसले होते.

‘काकू?’ मी विचारलं.

‘बरी आहे. हाड धरायला लागलंय म्हणाले काल.’ त्यांच्या बोलण्यात हवा येत होती. पुढचा एक दात नव्हता.

मी पाण्याचे कॅन तसेच हातात धरून उभा होतो.

‘खुर्ची आत नेली, तर ते दाराकडे वळायला लागलं,’ काका म्हणाले. वर्तमानपत्र वाचून दाखवावं तसं. ‘मग मी इथे बसलो. आता माझ्याकडे बघतं.’

‘काका, मी ते काढून टाकतो. आख्खा दगडच काढतो.’

‘हात लावू नकोस.’ त्यांनी आवाज चढवला नाही. ‘तू कापलंस तेव्हा मी इथेच उभा होतो. मीही ऐकलं.’

आतून काकूंनी हाक मारली, ‘भूपेंद्र आलाय का? त्याला चिक्की दे, डब्यात आहे. आणि तुम्ही इकडे या ना जरा. काय सारखं त्या टाकीपाशी बसायचं!’

‘आलो, आलो,’ काका म्हणाले. उठले नाहीत. मला म्हणाले, ‘तुझ्याकडचं कसं आहे?’

मी सांगितलं. सुषमाचं, सोनोग्राफीचं, पडद्याचं.

काकांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत राहिले. बोटं वेतावर आपटत होती, पण आवाज फार कमी येत होता. ‘तिला बाळंतपणाआधी कुठे हलवता येणार नाही?’

‘नाही. पडून राहायचं आहे.’

‘मग ते हलवायला लागेल,’ ते म्हणाले. ‘पण नुसतं हलवून भागत नाही बाबा. मध्ये कुणीतरी लागतं.’

९

घरी आलो तेव्हा गल्लीतले लूम सुट्टीमुळे बंद होते. आमच्या गल्लीत इतकी शांतता फारशी नसते. शेजारच्या घरातली फोडणी ऐकू येत होती.

आई सुषमाच्या खाटेवर बसली होती. कुणी बाई येऊन ‘पोट लहान दिसतं’ असं बोलून गेली होती, म्हणून आई तिची दृष्ट काढत होती. मीठमोहऱ्या उतरवून झाल्या. मग आईने सुषमाच्या पोटावरून दोन्ही हात हलकेच फिरवले, मुठी वळल्या आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

आवाज आला नाही.

आईने हातांकडे पाहिलं. पुन्हा पोटावरून हात फिरवले, पुन्हा कानशिलांवर दाबले. तिची बोटं वाकलेली मला दिसत होती. काही वाजलं नाही.

मोरीच्या बाजूने, टाकीतून, आवाज आला. एकामागोमाग एक. कडाकडा. दहा बोटांचा.

‘व्हयनं,’ आई समाधानाने म्हणाली. ‘कितली मोठी दृष्ट व्हती दख.’

सुषमा माझ्याकडे बघत होती. तिला आवाज कुठून आला ते कळलं होतं. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि काहीच बोलली नाही. आमच्या घरात न बोलणारा मी आहे. तिला तसं पाहणं मला सोसलं नाही.

‘सकाळी घेऊन जातो ते,’ मी म्हटलं.

‘कुठे?’

‘लांब.’

‘मारू नको,’ सुषमा म्हणाली.

१०

सकाळी सुषमा उठायच्या आत मी टाकीतलं अर्धं पाणी कॅनमध्ये काढलं. टाकी गोधडीत गुंडाळली. गल्लीतल्या एकाची रिक्षा सांगून ठेवली होती.

आई चुलीपाशी होती. ‘कथा चालना?’

‘कामरेज.’

‘जेवाले येशी ना?’

मी मान हलवली. हो आणि नाही, दोन्हीला माझी मान सारखीच हलते असं सुषमा म्हणते.

रिक्षात टाकी मांडीवर घेतली. गोधडीतून तिचा गारवा मांड्यांना लागत होता. खड्डा आला की मी पाय उचलून धरायचो, फांदी मोडू नये म्हणून.

गोडाऊनचं शटर वर केलं. मिठाच्या गोण्या एका बाजूला सारल्या, टेबल पुसलं, टाकी ठेवली, पाणी भरलं, पंप लावला. दिवा लावून मग गोधडी पूर्ण काढली. पांढरी टोकं शटरकडे होती. आम्ही आलो तो रस्ता त्याच बाजूला आहे.

मी गजेंद्रभाईंना फोन करून सांगितलं की इथे मोठी सफाई काढली आहे, काही दिवस इथेच राहीन. ते म्हणाले, सारुं.

मग स्टूल आणलं आणि टाकी आणि शटर यांच्या मध्ये ठेवलं. बसून पाहिलं. जरा डावीकडे सरकवलं, म्हणजे टोकं बरोबर माझ्या छातीसमोर आली.

दोन्ही हात मांडीवर घेऊन मी एकेक बोट मोडून पाहिलं. सगळी वाजली.

मग खिशातला मार्कर काढला, आणि काचेवर, सगळ्यात पुढचं टोक होतं तिथे, पहिली रेघ मारली.